मोटेच्या चामड्याचं ठिगळ

लढाई संपली आणि सरकारला आपल्याच गाड्यांचं ओझं झालं. लिलावात निघालेल्या त्या गाड्यांपैकी एक जानेफळच्या उत्तमराव पाटलांच्या दारात येऊन उभी राहिली. पुढं दाटीवाटीनं तीन माणसं बसतील एवढी केबिन, मागं उघडा हौदा. पाटलांनी तिला दोनदा निळा रंग फासला, तरी कोपऱ्याकोपऱ्यातून जुना हिरवा डोकावायचा तो डोकावायचाच. गावानं तिचं नाव 'पलटन' ठेवलं. पलटन खामगावला कापूस न्यायची, भाजी न्यायची, येताना गुरांसाठी ढेप आणायची आणि अडल्यानडल्या वेळी बाईमाणसांनाही पोचवायची. ती चालवायचा रंगराव. बावन्न वर्षांचा, खामगावच्या कापसाच्या जिनाच्या लॉऱ्यांवर उमर घालवलेला माणूस.

गेले चार महिने ही पलटन थरथरत होती.

वेगाचा काटा विसाच्या आत असला की गाडी अगदी गरीब. पंचवीस मैलांवर गेला की स्टेरिंग डावीकडे-उजवीकडे कापायला लागायचं, आणि तिसाला तर सगळं नाकाडच हलायचं. पुढची चाकं आपापल्या मर्जीनं रस्ता शोधायला लागायची. गाव म्हटलं की वैद्य फुकट मिळतात. जन्म बैलगाडीत घालवलेल्यांनी सांगितलं, आसाला वंगण कमी पडतं. लोहारानं कमानीचे नट जीव खाऊन आवळले, त्यानं गाडी थरथरायची ती थरथरलीच, वर आपटायलाही लागली. पाटलीणबाईंनी, म्हणजे वच्छलाबाईंनी, मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या आणि पुढं लिंबू-मिरच्या बांधल्या. पंचवीसला ते लिंबूसुद्धा कापायचं.

रंगराव सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. काय बिघडलंय ते त्याला एकट्याला ठाऊक होतं.

वैशाखात घाटातल्या एका दगडानं पुढचं उजवं टायर चिरलं होतं. नव्या टायराला परवाना लागायचा, आणि परवाना बुलढाण्याच्या कुठल्या टेबलावर झोपला होता देव जाणे. तेव्हा लढाईच्या वर्षांत वऱ्हाडातले सगळेच ड्रायव्हर करायचे तेच रंगरावनं केलं. विहिरीवरची एक फाटकी मोट पडली होती, तिच्या चामड्याचा वीतभर तुकडा कापला, टायरच्या आतून चिरेवर बसवला आणि मेणकट दोऱ्यानं शिवून टाकला. उन्हाळा त्यावर छान गेला. मग नाले वाहायला लागले. चिरेतून पाणी आत शिरायला लागलं, आणि मोटेचं चामडं शेवटी मोटेचंच, ते पाणी प्यायलं. फुगलं, जड झालं. चाकाची एक बाजू भारी झाली. आठ दिवसांत रंगरावला हे कळलं होतं. ते ठिगळ काढून दुसरं कोरडं बसवणं अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि त्यानं ते केलं नाही.

न करण्याचं कारण त्याचे हात होते.

दीड वर्षापासून त्याच्या हातांना कंप सुटला होता. आधी नुसता सकाळी, मग दिवसभर. विडी पेटवताना काडी दोनदा विझायची. घरी रुख्मिणीनं एक दिवस चहाचा कप अर्धाच भरून पुढं केला, आणि तेव्हापासून रोज अर्धाच भरत आली. त्यावर नवरा-बायकोत एक शब्द झाला नाही. स्टेरिंग घट्ट धरलं की हात जरा आवरायचे, पण कंप स्टेरिंगमध्ये उतरायचा, आणि शेजारी बसलेल्याला कधी ना कधी तो दिसणारच होता. आणि मग पलटनच थरथरायला लागली. थरथरणाऱ्या गाडीत ड्रायव्हरचे हात कोण बघतो? रंगरावला त्या दिवशी झालेला आनंद आठवला की आजही स्वतःची लाज वाटायची.

लाज वाटावी असं आणखी एक होतं, आणि ते ह्या दिवाळीतलं. पाटलांची मंजुळा, सातव्या महिन्यातली, पिंपळगाव राजाहून बाळंतपणासाठी माहेरी आणायची होती. पाटील खिडकीशी, मंजुळा दोघांच्या मध्ये. घाटात एका वळणाआधी जरा उतार आहे, तिथं स्टेरिंग अचानक हाताबाहेर गेलं आणि डावं चाक कडेच्या दगडांवर चढलं. दगड होते म्हणून गाडी थांबली. मंजुळा रडली नाही, नुसती पोटावर हात ठेवून बसली. "गाडीनं धोका देल्ला," रंगराव म्हणाला, आणि पाटलांनी ते मानलं. पण काटा तेव्हा किती वर होता? पंचवीसला असेल तर दोष चाकाचा. विसाच्या खाली असेल तर चाक कापत नाही, मग दोष हातांचा. काटा रंगरावला आठवत नव्हता. आठवत नव्हता की आठवायचा नव्हता, हेही त्याला सांगता येईना.

भाऊबीज झाली आणि पाटील म्हणाले, "रंगराव, उद्या खामगावले जाऊ. निवृत्ती मिस्त्रीले दाखवू. निघाली खोड तं ठीक. नाई निघाली तं तठीच इकून टाकतो. माह्या पोरीले पुन्हा असं बसवनार नाई मी."

रात्र कशी गेली ते रंगरावलाच माहीत. खोड निघाली नाही तर गाडी जाणार, आणि गाडीमागं त्याचं काम. खोड निघाली तर गाडी सुतासारखी चालणार, आणि त्या शांत स्टेरिंगवर त्याचे हात उघडे पडणार. दोन्हीकडून जायचं ते त्याचंच होतं. सकाळी हँडल मारताना त्याला वाटलं, आजच्या दिवसात जे व्हायचं ते होऊन जावं, फार दमलो.

निवृत्ती मिस्त्रीचं दुकान म्हणजे खामगावच्या नाक्याबाहेर एक निंबाचं झाड, त्याखाली टिनाचं छप्पर आणि सगळीकडे काळं पडलेलं ऑइल. वीस वर्षांपूर्वी रंगराव जिनाची लॉरी चालवायचा तेव्हा निवृत्ती त्याच गाडीवर क्लीनर होता. पुढं तो मिस्त्री झाला आणि चांगला झाला. बोलायला तिरसट, पण हात सोन्याचा.

"कधी कापते?" त्यानं गाडीकडे न बघता विचारलं.

"पंचवीसले," रंगराव म्हणाला.

"भरलेली का रिकामी?"

"दोन्ही."

"ब्रेक मारला की वाढते?"

"नाई."

"हाताले लागते का बुडाले?"

उत्तमराव पाटील मोठ्यानं हसले. निवृत्ती हसला नाही.

"हसू नका पाटील. कंप हाताले लागला तं खोड पुढं. बुडाले लागला तं मागं. गाडी बोलते, पन कठून बोलते थे पाह्य लागते."

"हाताले," रंगराव म्हणाला, आणि दोन्ही हात धोतराच्या सोग्यात घातले.

निवृत्तीनं आतून एक जर्मन धातूचा पेला आणला, अर्धा पाण्यानं भरला आणि काचेखालच्या फळीवर ठेवला. इंजिन उभ्या जागी चालू केलं. पाण्यावर बारीक रेघा उठल्या आणि तशाच राहिल्या. "इंजिन साफ हाय," तो म्हणाला. मग स्वतः चालवायला बसला, पाटलांना शेजारी घेतलं आणि एक चक्कर मारून आला. परत आले तेव्हा पेला रिकामा होता आणि पाटलांचं धोतर भिजलं होतं.

"आता ऐका," निवृत्ती म्हणाला. "मी एका येळी एकच गोष्ट काढतो. एक काढाची, मंग पाहाचं. दोन संगं काढल्या तं चोर कोनता होता थे समजत नाई. घाई असंन तं दुसऱ्याकडं जा."

पाटलांना घाई नव्हती. ते निंबाखालच्या बाजेवर बसले आणि बघत राहिले. रंगराव उभाच राहिला. त्याला बसवेना.

निवृत्तीनं पुढची बाजू जॅकवर उचलली. एकेक चाक वरून-खालून धरून हलवलं, कुठं खिळखिळ आहे का ते कानानं ऐकलं. थोडी होती, ती काढली. गाडी खाली, चक्कर. कापतच होती. मग लोहारानं जीव खाऊन आवळलेले कमानीचे नट सैल करून बेतानं आवळले आणि लोहाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आपटणं थांबलं, कापणं राहिलं. मग चाक फिरतं ठेवून कडेला खडू धरला. खडूची रेघ सगळीकडे सारखी उठली, म्हणजे रिम वाकडी नव्हती. प्रत्येक वेळी पाटील विचारायचे, "सापडलं का?" आणि प्रत्येक वेळी रंगराव मिस्त्रीच्या तोंडाकडे बघायचा. एवढी वर्षं चोख काम बघण्यात त्याला सुख वाटत आलं होतं. आज निवृत्तीचं चोख काम बघणं हीच शिक्षा झाली होती.

ऊन डोक्यावर आलं. निवृत्तीनं पुन्हा उजवं चाक उचललं, हलक्या हातानं फिरवलं आणि सोडून दिलं. चाक हळूहळू थांबलं, जरा मागं आलं, आणि स्थिर झालं. त्यानं खालच्या जागी रिमवर खडूनं फुली मारली. पुन्हा फिरवलं. फुली पुन्हा खाली आली. तिसऱ्यांदाही खालीच.

"पाटील, अठी या," तो म्हणाला. "चाक सगळीकडून सारखं असलं की कोठीबी थांबते. हे एकाच जाग्यावर येऊन बसते. आत काईतरी जड हाय."

रंगरावनं निंबाच्या खोडाला पाठ टेकली.

टायर उघडलं तेव्हा आतून कुबट वास आला. मोटेचं ठिगळ काळंकुट्ट, फुगून बोटभर जाड झालेलं. निवृत्तीनं दाबलं तसं पाणी गळालं. पाटील पुढं वाकले. "हे काय हो?"

"मोटेचं चामडं. टायर चिरलं होतं, म्या शिवलं होतं," रंगराव म्हणाला.

"आन थेच पानी पिऊन बसलं? हात्तिच्या!" पाटलांना इतका आनंद झाला की त्यांनी रंगरावच्या पाठीवर थाप मारली. "मंग तुमाले कसं ठाऊक असंन म्हना, आतलं कोन पाह्यते. जाऊ द्या. सापडलं ना!"

निवृत्ती ठिगळ उलटं करून टाके बघत होता. ह्या माणसाचे टाके त्याला माहीत होते. जिनाच्या लॉरीची ताडपत्री रंगराव शिवायचा तेव्हा टाक्यांची ओळ शिलाई मशीनला लाजवायची, आणि क्लीनर निवृत्ती शेजारी दोरा धरून बसायचा. इथं टाके कुठं आखूड, कुठं लांब, मध्येच दोनदा एकाच भोकातून गेलेले. त्यानं मान वर केली आणि रंगरावकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, धोतराच्या सोग्यात लपलेल्या हातांकडे.

पाटील पानपट्टीकडे वळले तेव्हा तो हळूच म्हणाला, "काऊन बे रंगा. कधीपासून?"

रंगरावनं हात सोग्यात आणखी आत घातले. निवृत्तीनं पुन्हा विचारलं नाही. आतून एक जुनं पण धड टायर शोधून आणलं, चढवलं, हवा भरली. चाक फिरवलं, फुली या वेळी वर थांबली, मग बाजूला, मग कुठंही. मग त्यानं पेला धुतला आणि भरला.

"मी चालवतो," निवृत्ती म्हणाला. "रंगा सकायपासून उभा हाय."

"नाई नाई," पाटील म्हणाले. "रोज चालवते थो. त्याच्या हातालेच समजन. चाला रंगराव."

तिघं बसले. रंगराव चालवायला, पाटील मध्ये, निवृत्ती खिडकीशी. पेला फळीवर. गाडी पिंपळगावच्या रस्त्याला लागली. पंधरा. वीस. रंगरावनं दात आवळले आणि पंचवीस केले. पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही. तीस. पुढची चाकं सरळ, नाकाड शांत, लिंबू-मिरच्या नुसत्या वाऱ्यानं हलत होत्या. गाडी किती गोड चालत होती! रंगरावला क्षणभर सगळं विसरून बरं वाटलं. अशी गाडी जन्मभर चालवावी, असं वाटलं.

"व्वा रे मिस्त्री!" पाटील म्हणाले, आणि पोरानं खेळण्याला लावावा तसा त्यांनी स्टेरिंगला तळवा लावून पाहिला. तळवा तिथंच राहिला. हसू जरा कमी झालं. "अजून जरासी हाय वाटते."

निवृत्तीनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"हाय," पाटील म्हणाले. "बारीक हाय, पन हाय. पाह्य ना."

"टायर आताच चढवलं हाय पाटील," निवृत्ती खिडकीबाहेर बघत म्हणाला. "बसंन आठ-पंधरा दिवसांत."

त्याच्यासारख्या माणसाच्या तोंडून असलं वाक्य रंगरावनं कधी ऐकलं नव्हतं. त्याला ते फार लागलं.

"आन तोवर मंजुळेले दवाखान्यात न्या लागलं तं?" पाटलांचा आवाज चढला. "नाई मिस्त्री. वापस चाला, पुन्हा खोला. तुमाले नसंन सापडत तं तसं सांगा. मी गाडी आजच इकतो."

"खोलतो," निवृत्ती म्हणाला. "पुन्हा खोलतो."

खोलणार, आणि आत काहीच सापडणार नाही, आणि पाटील साऱ्या जानेफळात सांगणार की निवृत्ती मिस्त्रीला जमलं नाही. हे सगळं रंगरावला एकाच वेळी दिसलं. गाडी विकली जाईल. ती दुसरा कोणी घेईल, त्यालाही ड्रायव्हर लागेल, आणि रंगराव त्याच्याही दारात हात लपवून उभा राहील. पुन्हा एखादं ठिगळ शोधील. पुन्हा कुणाची तरी पोर मध्ये बसेल. एवढं सगळं पुन्हा करायचं त्याच्यात बळ नव्हतं. रस्ता पुढं फर्लांगभर सरळ होता, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी, माणूस ना बैल.

"पाटील, धरा," तो म्हणाला.

"काय?"

"स्टेरिंग धरा. दोन्ही हातांनी. सरय ठेवा फक्त."

आणि त्यानं हात काढून घेतले.

पाटलांनी घाबरून स्टेरिंग पकडलं. गाडी पंचवीसनं चालली होती. पाटलांच्या मुठीत स्टेरिंग दगडासारखं गप्प होतं. पेल्यातलं पाणी गप्प होतं. रंगरावचे हात त्याच्या मांडीवर होते आणि तिथं ते कापत होते.

"एक काढलं," रंगराव म्हणाला. "आता पाहा."

पाटलांनी स्टेरिंगकडे पाहिलं, मग मांडीवरच्या त्या हातांकडे. रंगरावनं ब्रेक दाबला आणि गाडी कडेला उभी केली. इंजिन बंद झालं तशी पऱ्हाटीतली पाखरं ऐकू यायला लागली.

"कधीपासून?" पाटलांनी विचारलं.

"दीड वर्स."

"म्हंजे माह्याकडं आले तवापासून."

"हाव. आन थे ठिगळ जड झालं थे मले सरावनातच ठाऊक झालं होतं. म्या काढलं नाई. गाडी कापे तं माहे हात कोनाले दिसत नोते."

पाटलांनी स्टेरिंगवरचे हात काढून घेतले. चांगला माणूस होता, ओरडला असता तर रंगरावला सोपं गेलं असतं.

"त्या दिवसी," पाटील म्हणाले, "वयनावर. मंजुळा मधात बसली होती. गाडी होती का तुमी होते?"

"मले माहीत नाई पाटील."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो. देवाची आन, मले माहीत नाई. ठिगळ काढून पाह्यलं असतं तं समजलं असतं. थेच भेव होतं मले." रंगरावच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला हात उचलावा लागेल म्हणून त्यानं तसंच राहू दिलं.

निवृत्ती खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "सरक बे," म्हणायचा त्याचा विचार असावा, पण तो म्हणाला नाही. रंगराव उतरला आणि खिडकीकडच्या जागेवर जाऊन बसला. एवढ्या वर्षांत गाडीच्या त्या बाजूला तो क्वचितच बसला होता. निवृत्तीनं गाडी वळवायला घेतली. वळताना पेला पडेल म्हणून रंगरावनं सवयीनं तो उचलून धरला.

पाणी लगेच सांडायला लागलं. आधी थेंब थेंब, मग पेल्याच्या दोन्ही कडांवरून. त्याचं धोतर भिजलं. तो पेला खाली ठेवू बघत होता, पण चालत्या गाडीत फळीवर नेमका ठेवणं त्याला जमेना.

पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसता हात पुढं केला, पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मुठीत धरला. उद्यापासून गाडी कोण चालवणार, हा विषय कोणी काढला नाही. रंगरावनं हात मांडीवर उघडे ठेवले. दीड वर्षात पहिल्यांदाच ते लपवायची गरज नव्हती, आणि त्याला एवढा थकवा आला होता की डोळे मिटत होते.

पेल्यात तळाशी चार घोट पाणी उरलं होतं. पाटलांनी ते ना पिऊन टाकलं, ना ओतून दिलं. खामगावचा नाका येईपर्यंत ते पेला तसाच धरून बसले, आणि त्यातलं पाणी सांडलं नाही.